नाताळात कोल्हापूरहून सिंगापूरची क्रूझ गाठायची, तर विमानाचं तिकीट कसं आणि कुठून काढावं?

तुमचा प्रश्न वाचला. घरचे पाच जण, २७ डिसेंबरला सिंगापूरहून जहाज सुटणार, क्रूझचे पैसे भरून झालेत, आणि आता विमानाची भाडी बघून पोटात गोळा आलाय. दोन वर्षांपूर्वी आमचं अगदी हेच झालं होतं. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून आम्ही सहा जण नाताळात सिंगापूरहून क्रूझला गेलो. तेव्हा जे कळलं, ते तिकिटं काढायच्या आधी कळलं असतं तर बरेच पैसे वाचले असते. तुमच्या हातात अजून वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तारीख पक्की करा. २७ ला जहाज आहे म्हणजे २६ च्या सकाळी सिंगापुरात उतरायचं. २७ च्या पहाटे उतरणारं तिकीट कितीही स्वस्त दिसलं तरी त्याकडे वळू नका. विमान चुकलं तर पुढचं मिळतं, जहाजाचं तसं नसतं. सुटायच्या तास-दीड तास आधी चेक-इन बंद होतं आणि कुणासाठीही थांबत नाहीत. तुम्ही पाच जण राहिलात तर क्रूझचे भरलेले पैसेही गेले. सिंगापुरात एक रात्र हॉटेलचा खर्च वाढतो हे खरं, डिसेंबरात तिथली हॉटेलं महागच असतात. पण तो खर्च मी तिकिटाचाच भाग धरते. लिटल इंडिया किंवा फॅरर पार्ककडे बघा, त्यातल्या त्यात परवडतं, आपलं जेवण मिळतं, आणि मेट्रो हाताशी असते.

आमचं काय झालं ते सांगते. कोल्हापूर–मुंबई छोट्या विमानाचं तिकीट वेगळं काढलं, मुंबई–सिंगापूरचं वेगळं. दोन्ही स्वस्तात मिळाली म्हणून आम्ही खूश. निघायच्या दिवशी दुपारी उजळाईवाडीला, आपल्या कोल्हापूरच्या विमानतळावर पोचलो. बॅगा ट्रॉलीवर रचलेल्या, सासूबाईंच्या मांडीवर दशम्या आणि चटणीची पिशवी, आणि काउंटरवरची मुलगी सांगत आली की आजचं विमान रद्द झालंय. त्या तिकिटाचे पैसे परत मिळाले. पण पुढच्या विमानाशी त्या कंपनीचा काही संबंध नव्हता, कारण आमची दोन तिकिटं म्हणजे दोन वेगळे व्यवहार होते. तिथूनच मोठी गाडी ठरवली आणि हायवेला लागलो. रस्त्याचं काम चालू, कराडच्या अलीकडे डायव्हर्जनमध्ये ट्रकांच्या मागे रांगत राहिलो. खंबाटकी घाट ओलांडला तेव्हा अंधार पडला होता. रात्री अकराचं विमान, आम्ही दारात सव्वादहाला, काउंटर दहाला बंद झालेलं. सहा तिकिटं वाया गेली. दुसऱ्या दिवशीची सहा नवी तिकिटं त्या रात्री जे भाडं दिसलं त्या भावानं घेतली. जहाज मिळालं ते केवळ मध्ये एक दिवस मोकळा ठेवला होता म्हणून.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच. कोल्हापूरहून निघा, गोव्याहून निघा नाहीतर मुंबईहून, पण विमानाचे जेवढे टप्पे असतील तेवढे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या. मग पहिलं विमान रद्द झालं किंवा उशिरा आलं तर पुढचं गाठून देणं ही कंपनीची जबाबदारी राहते. दोन वेगळी तिकिटं जोडून हजार-दोन हजार वाचत असतील तर ते वाचवू नका. यात सामानाचाही मुद्दा आहे. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो चेक-इन सामान चालतं, सिंगापूरच्या तिकिटावर बहुतेकदा त्याहून जास्त. तिकिटं वेगळी असली की पहिल्याच टप्प्यावर जादा वजनाचे पैसे भरावे लागतात. आणि काही स्वस्त कंपन्यांच्या भाड्यात चेक-इन बॅग धरलेलीच नसते. ती घालून पाच जणांची बेरीज करा, मगच स्वस्त-महाग ठरवा.

आता निघायचं कुठून? सगळे आधी मुंबई–सिंगापूर टाकून बघतात आणि तिथेच हबकतात. नाताळात मुंबईहून बाहेर पडणाऱ्यांची गर्दी प्रचंड असते. आपण कोल्हापूरकर मात्र अशा जागी राहतो की चार दिशांना चार विमानतळ आहेत, त्याचा फायदा घ्या.

पहिलं आपलं उजळाईवाडी. इथून हैदराबाद आणि बेंगळुरूकडे विमानं जातात, आणि त्या दोन्ही शहरांतून सिंगापूरला थेट विमान आहे. शोधताना 'कोल्हापूर ते सिंगापूर' असंच एकत्र टाका. जोडतिकीट दिसलं आणि मधला थांबा तीन-चार तासांचा असेल, तर घराच्या सगळ्यात जवळचा मार्ग हाच. पण विमानं छोटी, सीटा थोड्या, त्यामुळे चार तिकिटं खपली की भाडं उडी मारतं. 'शेवटी शेवटी उतरेल' या आशेवर इथे बसू नका. आणखी एक. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून विमानांचं हिवाळी वेळापत्रक लागतं, तेव्हा छोट्या मार्गांच्या वेळा बदलतात. आधी तिकीट काढलं असेल तर नोव्हेंबरात एकदा ते उघडून वेळ तपासा. जोडविमान हुकेल अशी वेळ झाली असेल तर लगेच कंपनीला फोन करून बदलून मागा.

दुसरं गोवा, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते याबद्दलच. नाताळाच्या आठवड्यात अख्खा देश गोव्याकडे धावत असतो. गोव्याला येणाऱ्या विमानांची भाडी गगनाला भिडतात, पण तीच विमानं परत जाताना तेवढी भरत नाहीत. २५ डिसेंबरला गोवा सोडून कोण जातंय? तुम्ही जाणार आहात. परतताना उलटं. २ किंवा ३ जानेवारीला गोव्यातून बाहेर पडायला झुंबड असते, तेव्हा तुम्ही गोव्याकडे येत असता. म्हणजे दोन्ही वेळा गर्दीच्या उलट्या दिशेनं. परवाच्या दिवाळीत मी भावाच्या कुटुंबाची तिकिटं याच हिशोबानं काढून दिली. मुंबईहून जे भाडं दिसत होतं त्यापेक्षा गोवा–बेंगळुरू–सिंगापूर एका तिकिटावर कमी पडलं, गाडीभाडं धरूनसुद्धा. जानेवारी २०२३ पासून मोपाचं विमानतळ सुरू झाल्यानं आपल्याला ते आणखी सोयीचं झालंय. आजरा, आंबोली, सावंतवाडी करत सरळ मोपा, दाबोळीच्या जुन्या विमानतळापर्यंत खाली जावं लागत नाही. फक्त तिकिटावर मोपा आहे की दाबोळी हे डोळ्यांत तेल घालून बघा. आणि घाट रात्री उतरायला लागेल अशी वेळ घेऊ नका, घरात म्हातारी माणसं आणि मुलं आहेत.

तिसरं, बेळगावचं सांबरा विमानतळही बघून ठेवा, सरळ हायवेनं जाता येतं.

चौथी मुंबई. तिथूनच जायचं ठरलं तर मुंबईपर्यंत विमानानं जाऊ नका, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जा. रात्री आपल्या शाहू टर्मिनसवर बसायचं, सकाळी दादरला उतरायचं, दिवसभर कुणा नातेवाइकाकडे अंघोळ-जेवण-विश्रांती, आणि रात्रीच्या विमानानं सिंगापूर. गाडी दोन-तीन तास उशिरा आली तरी काही बिघडत नाही. २५ च्या रात्रीचं विमान असेल तर तुम्हाला २४ ची महालक्ष्मी हवी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २५ ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता. सुट्टीतली महालक्ष्मी किती पटकन भरते हे तुम्हाला सांगायला नको. मुंबईत आता दोन विमानतळ झालेत हेही लक्षात ठेवा. नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली. सहारचं जुनं विमानतळ आणि नवी मुंबई यांत मोठं अंतर आहे, तेव्हा तिकिटावरचं नाव वाचूनच टॅक्सी ठरवा.

पाच जणांचं तिकीट शोधताना एक गोष्ट नक्की करा. प्रत्येक विमानात एकाच वर्गाच्या सीटा वेगवेगळ्या भावांच्या गठ्ठ्यांत असतात. समजा १८ हजारांच्या तीनच सीटा उरल्यात आणि पुढच्या २३ हजारांच्या आहेत. तुम्ही पाच जण टाकून शोधलंत की यंत्रणा पाचही सीटा एकाच भावात मिळतात तिथून देते, म्हणजे २३ हजारांनी, १ लाख १५ हजार. तेच आधी तीन आणि मग दोन असं काढलंत तर १ लाखात काम होतं. पंधरा हजार वाचले. म्हणून आधी एका माणसासाठी शोधा, मग दोन, मग तीन, भाव कुठे बदलतो ते बघा आणि तिथे तोडा. मुलं मात्र मोठ्या माणसाच्याच पीएनआरवर राहतील असं बघा, आणि दोन्ही पीएनआर एकाच विमानांचे असू द्यात.

गूगल फ्लाइट्सवर तारखांचा तक्ता उघडला की आजूबाजूच्या दिवसांची भाडी एकदम दिसतात. तिथे भाड्यावर अलर्ट लावून ठेवा. आमच्या वेळी २१ ते २३ डिसेंबर सगळ्यात महाग होते, २५ ची रात्र त्यामानानं बरीच खाली होती, आणि तुम्हाला नेमकी तीच हवी आहे. मंगळवारी तिकीट स्वस्त मिळतं, इनकॉग्निटोमध्ये भाडं कमी दिसतं, असलं सांगणारे बरेच भेटतील. मी दोन्ही करून बघितलं, एक रुपयाचा फरक पडला नाही. तिकीट शेवटी काढताना कंपनीच्या स्वतःच्या साइटवर काढा. बदल करायचा झाला तर मध्ये तिसरा माणूस नको.

स्टेशन रोड किंवा राजारामपुरीतल्या एखाद्या जुन्या एजंटाकडे 'सिरीज फेअर' आहे का हेही विचारा. सहलीवाले मोठ्या ग्रुपसाठी आधीच सीटा घेऊन ठेवतात आणि उरलेल्या विकतात. कधी चांगला भाव मिळतो. पण ती तिकिटं बहुधा रद्द होत नाहीत, नावातलं एक अक्षर चुकलं तरी निस्तरणं अवघड जातं. पासपोर्ट समोर ठेवून नाव घालायला सांगा.

व्हिसाचं एक विचारून घ्या. तुमचं जहाज मलेशियाला किंवा थायलंडला लागून परत सिंगापुरात येणार, म्हणजे तुम्ही सिंगापुरात दोनदा शिरणार. व्हिसा मल्टिपल एंट्री हवा. आगमनाचं ऑनलाइन कार्ड उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि सरकारी साइटवर ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

सिंगापुरात क्रूझची बंदरंही दोन आहेत. मरिना बेचं वेगळं, हार्बरफ्रंटचं वेगळं. तुमच्या क्रूझच्या कागदावर कुठलं लिहिलंय ते बघून मगच हॉटेल ठरवा. हार्बरफ्रंट असेल तर फॅरर पार्कहून जांभळ्या मेट्रोनं थेट जाता येतं. मरिना बे असेल तर लाल लाइनचं मरिना साउथ पिअर स्टेशन जवळ आहे, पण पाच जण आणि बॅगा म्हटल्यावर मोठी टॅक्सीच करा.

परतीचं तिकीट दुपारी दोनच्या आधीचं घेऊ नका. जहाज सकाळी धक्क्याला लागतं, पण सामान, इमिग्रेशन, रांगा यात वेळ जातो. आमच्या वेळी सासरे व्हीलचेअरवर होते. सगळं आटोपून टॅक्सीत बसायला साडेदहा झाले, आणि तरीही चांगीला निवांत पोचलो, कारण विमान चारचं होतं.

तुमच्या जागी मी असते तर आज रात्रीच तीन शोध घेतले असते. कोल्हापूर ते सिंगापूर, मोपा ते सिंगापूर, मुंबई ते सिंगापूर. जाणं २५ ला, उतरणं २६ ला, एका माणसाचं भाडं, बॅगेसकट. त्यात घरापासून विमानतळापर्यंतचं गाडीभाडं मिळवा. पाच जणांच्या बेरजेत मोपा आणि मुंबई यांत पाच-सात हजारांचाच फरक निघाला तर महालक्ष्मीनं मुंबईला जा, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घाटाचा त्रास होणार नाही. फरक त्याहून मोठा असेल तर मोपा. बेरजा इथे खाली लिहिल्यात तर मी बघून सांगेन, आणि जहाजाचं बंदर कुठलं तेही लिहा.