वाचकांचे प्रश्न : कॅनडातल्या रिडो कालव्यातून दोघांनी, ओटावा ते किंग्स्टन

आम्ही नवरा-बायको दोघेच. भाड्याने बोट घेऊन ओटावाहून किंग्स्टनला जायचं आहे, सुट्टी एका आठवड्याची. पुरेल का? (मिसिसागा)

एका बाजूचा प्रवास जेमतेम पुरेल, जाऊन-येऊन नाही. हिशेब असा : मार्ग 202 किलोमीटरचा. राहण्याजोगी भाड्याची बोट ताशी आठेक किलोमीटरने जाते, म्हणजे नुसतं चालवायला 25 तास. वाटेत 45 लॉक आहेत (दारं लावून आतलं पाणी वाढवत किंवा उतरवत बोटीला वर-खाली नेणारे हौद). दर लॉकला थांबण्यासकट सरासरी 20 मिनिटं धरा, की आणखी 15 तास झाले. एकूण 40. रोज सहा तास चाललात तर सात दिवस होतात, आणि त्यात वाऱ्यापावसासाठी एकही दिवस शिल्लक राहत नाही. वेग वाढवून वेळ भरून काढू म्हणाल, तर अरुंद कालव्यात ताशी 10 किलोमीटरची मर्यादा आहे. रात्री लॉक बंद असतात.

आमचं मत विचाराल तर आठवड्याभरासाठी सगळा कालवा करूच नका. वाटेतल्या स्मिथ्स फॉल्स गावाच्या वरच्या बाजूने निघा, बिग रिडो, अप्पर रिडो, न्यूबरो, ओपिनिकॉन अशी तळी पार करत जोन्स फॉल्सच्या माथ्यापर्यंत जा आणि परत या. जाताना सहाच लॉक लागतात. जोन्स फॉल्सचे चार लॉक उतरायची गरज नाही. बोट वर बांधून पायी खाली जा, म्हणजे लॉकही बघून होतात आणि शेजारचं कमानीसारखं वळलेलं दगडी धरणही. 1832 साली कर्नल जॉन बाय यांनी हा कालवा पुरा केला, तेव्हाचंच ते बांधकाम आहे.

हंगाम मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. जूनमध्ये डास आणि काळ्या माश्या, जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा दोघांसाठी उत्तम, फक्त तेव्हा लॉकच्या वेळा आखडलेल्या असतात. निघण्याआधी कालवा सांभाळणाऱ्या पार्क्स कॅनडाचं त्या वर्षीचं वेळापत्रक बघून घ्या.

बोट चालवायचा परवाना लागतो का? (ब्रॅम्प्टन)

स्वतःची इंजिनाची बोट असेल तर चालकाचं कार्ड लागतं. भाड्याच्या बोटीला कंपनी सुरक्षेची यादी समजावून त्यावर सही घेते, तेवढ्या भाडेमुदतीपुरती तीच चालते. ती सही घाईत करू नका. दोघांनीही धक्क्याला बोट लावून दाखवल्याशिवाय शिकवणाऱ्याला सोडू नका. प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट आणि किमान 15 मीटरचा तरंगता दोर बोटीवर हवाच, तो कायदा आहे.

लॉकमध्ये दोघांचीच फार तारांबळ होते असं ऐकलं. चालवायचं कोणी, दोर कोणी धरायचा? (पुणे, मुलाकडे ओटावाला जाणार)

लॉकची दारं आणि झडपा तिथले कर्मचारी हाताळतात. बहुतेक ठिकाणी अजून हाताने चक्री फिरवूनच दारं उघडतात. तुमचं काम एवढंच की बोट भिंतीशी नीट धरून ठेवायची.

आधी धक्क्यावर निळ्या रंगाने रंगवलेल्या पट्ट्याशी बोट लावा. तिथे उभं राहिलं की तुम्हाला लॉकमधून जायचं आहे हे त्यांना कळतं. पट्टा सोडून बांधलीत तर मुक्कामाला आलात असं समजतील आणि तुम्ही बसाल वाट बघत. दोन्ही बाजूंना तीन-तीन फेंडर (बोट भिंतीवर घासू नये म्हणून लावायच्या उशा) आधीच लटकवा, कारण कोणती भिंत मिळेल ते ऐन वेळी कळतं. दोन दोर, एक नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) आणि एक मागे, क्लीटला (दोर बांधायच्या बोटीवरच्या खुंटीला) एक टोक बांधून दुसरं मोकळं ठेवा.

आत शिरताना अगदी सावकाश. भिंतीवर वरपासून खालपर्यंत जाड तारा सोडलेल्या असतात. मागच्या तारेभोवती आधी दोर घाला. बोट थांबते ती त्याच दोराने. नाळेचा दोर आधी अडकवलात तर मागची बाजू फिरून लॉकमध्ये आडवी होते. दोर तारेभोवती फिरवून हातात धरायचा, तारेला गाठ मारायची नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पाणी उतरताना गाठ मारलेली बोट भिंतीला टांगली जाते, आणि मग क्लीट उखडतो नाहीतर दोर कापावा लागतो. दोर हाताभोवती गुंडाळू नका. बोट भिंतीवर घासायला लागली तर मध्ये हात-पाय घालू नका, तिला फेंडर आहेत.

बोट धरली गेली की इंजिन बंद. गॅस, सिगारेट, कसलीही ज्योत नको. पेट्रोलची बोट असेल तर इंजिनखणाचा पंखा तेवढा चालू ठेवायचा. वर चढताना पुढच्या दाराकडून पाणी उसळतं, म्हणून जागा असेल तर मागे राहा.

आता कोणी काय करायचं. अंगात जोर जास्त त्याने दोर धरावा असं बहुतेकांना वाटतं. खरं तर जोर लागतच नाही, कारण बोट तिच्या वजनाने नाही तर चुकीच्या वेगाने हातातून निसटते. ज्याचा सुकाणूवर हात बसला आहे त्यानेच चालवावं, आणि दिवसातून एकदा अदलाबदल करावी. इंजिनाच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही आणि भांडण मात्र होतं. तीन खुणा आधी ठरवा : थांब, मागे घे, दोर लागला. बो थ्रस्टर (नाळ बाजूला ढकलणारा छोटा पंखा) असेल तर दोन-तीन सेकंदांच्या झटक्यांनी वापरा. दाबून धरलात तर तो तापून बंद पडतो, आणि तोही नेमका लॉकच्या तोंडाशी.

मोठ्या तळ्यात वारा सुटला तर? आणि पाण्यातली वाट दाखवणाऱ्या लाल-हिरव्या खुणांचा नेमका नियम काय? (ओटावा)

बिग रिडो तळं लांबोडकं, नैऋत्य-ईशान्य पसरलेलं. नैऋत्येचा वारा त्याच्या पूर्ण लांबीवरून येतो आणि दुपारी लाटा चांगल्याच उंच होतात. ते सकाळी लवकर पार करावं. लाटा कडेवर घेऊ नका, नाळेवर थोड्या तिरक्या घ्या. वळसा पडला तरी चालेल. नांगर टाकलात तर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट दोर सोडा. तळाशी शेवाळ-पाणवेल असते, नांगर तिच्यातच अडकून धरल्यासारखा वाटतो आणि मग सरकतो. किनाऱ्यावरची दोन झाडं नजरेत धरून दहा मिनिटं बघत राहा.

खुणांचा नियम : वरच्या दिशेने जाताना लाल उजव्या हाताला. इथे ‘वर’ म्हणजे माथ्याकडे, आणि माथा अप्पर रिडो तळ्यात आहे; ओटावाहून तिथवर 83 मीटर चढ, पुढे किंग्स्टनपर्यंत 50 मीटर उतार. त्यामुळे ओटावाहून येताना न्यूबरो लॉकपर्यंत लाल उजवीकडे, आणि तो लॉक ओलांडला की लाल डावीकडे. लोक हे विसरतात ते नेमकं न्यूबरो तळ्यात, जिथे पाण्याखाली खडक आहेत. सुकाणूजवळ चिठ्ठी चिकटवा. नकाशे 1512 (ओटावा ते स्मिथ्स फॉल्स) आणि 1513 (पुढे किंग्स्टनपर्यंत) कागदावरचे घ्या, नुसत्या फोनवर राहू नका.

इंजिन अचानक तापू लागलं तर? (लंडन, ऑन्टारियो)

तळ्याचं पाणी ओढून थंड होणारं इंजिन असेल तर पहिला संशय पाणवेलीवर घ्या. धूर सोडणाऱ्या नळीतून पडणारं पाणी कमी झालं का बघा. इंजिन बंद, नांगर टाका, पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंद करा, मगच गाळणी उघडून साफ करा. व्हॉल्व्ह न मिटता झाकण काढलंत तर पाणी सरळ बोटीत. गाळणी लावून व्हॉल्व्ह पुन्हा उघडल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, नाहीतर पंपाची रबरी चकती जळते. तापमान ठीक पण बोट थरथरतेय, तर वेल बोटीच्या पाण्याखालच्या पंख्याला (प्रोपेलरला) गुंडाळली आहे. न्यूट्रलवर आणा, मग काही क्षण उलटा गिअर.

रोजचं जेवण आणि संडासाची सोय? (ब्रॅम्प्टन)

डाळ-तांदूळ, मसाले ओटावातच भरून घ्या. भाजी-दूध मेरिकव्हिल, स्मिथ्स फॉल्स आणि वेस्टपोर्टला मिळेल, न्यूबरोच्या दक्षिणेला दुकानं विरळ होतात. कुकर लावायचा तो मुक्कामी. संडासाचं पाणी कालव्यात सोडायला सक्त मनाई आहे. ते टाकीत साठतं आणि मरीनावर (बोटी लावायच्या तळावर) पैसे देऊन उपसून घ्यावं लागतं, लॉकवर ती सोय धरून चालू नका. टाकी पाऊण भरली की पुढचा मरीना गाठा. आणि कागद त्या भांड्यात टाकायचा की वेगळ्या डब्यात, हे बोट ताब्यात घेतानाच विचारा, कारण नळी तुंबली तर ती मोकळी करायचं काम तुमच्यातल्याच एकाकडे येणार.