हिवाळी टायर : एक इंच लहान रिम चालेल का?

प्रश्न : माझ्या गाडीला २२५/४५ आर १७ मापाचे टायर आहेत. बर्फाच्या दिवसांसाठी वेगळा संच रिमसकट घ्यायचा आहे. दुकानदार २०५/५५ आर १६ सुचवतो, ते स्वस्तही पडतात. मित्र म्हणतो, टायर रुंद तेवढी पकड जास्त. कोणाचं ऐकू? गाडी पुढच्या चाकांच्या जोरावर चालते, तेव्हा पुढचेच दोन बदलले तर?

उत्तर : दुकानदाराचं ऐका. फक्त रिम गाडीला लावून दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका.

आधी माप बघू. २२५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ४५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, आणि १७ हा रिमचा व्यास इंचात. (एका ओळीत तीन परिमाणं कोंबणाऱ्याला माझा दुरूनच नमस्कार.) हिशेब केला तर तुमच्या चाकाची उंची भरते ६३४.३ मिलिमीटर आणि सुचवलेल्याची ६३१.९. फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत, तोही लहान बाजूला, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलण्याची भीती नाही. हेच २०५/६० आर १६ घेतले असते तर चाक १८ मिलिमीटरने वाढलं असतं. काटा तेवढाच दाखवतो आणि गाडी मात्र जवळजवळ तीन टक्के जास्त पळते. रिम लहान झाली की भिंत उंच करायची, ती याच हिशेबाने.

मित्राचं म्हणणं कोरड्या रस्त्यावर बरंचसं खरं. पण पातळ बर्फात आणि अर्धवट वितळलेल्या रबडीत अरुंद टायर गाडीचं वजन कमी जागेवर टाकतो आणि खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो. रुंद टायर वर तरंगायला बघतो. शिवाय बर्फाखाली दडलेला खड्डा उंच भिंत सोसते, रिम वाचते.

खरी अडचण ब्रेकची. १६ इंची रिममध्ये तुमचा कॅलिपर (ब्रेकची चकती दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग) मावतो का, हे कागदावर कळत नाही. मी टायर न चढवता नुसती रिम हबवर (गाडीचा ज्या भागावर चाक बसतं तो) बसवतो, नट आवळतो आणि हाताने सावकाश फिरवतो. कॅलिपर आणि रिम यांच्यामधली फट बघायची, आणि बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं आतल्या बाजूला येणार असतील तर त्यांची जाडीही त्यातून वजा करायची. पुष्कळजण नेमकं हेच विसरतात. बोल्टची भोकं, मधल्या छिद्राचा व्यास आणि ऑफसेट (हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती आत वा बाहेर आहे ते अंतर) जुळायलाच हवेत. गाडीच्या पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर कंपनीने १६ इंची माप दिलेलं असेल तर निम्मी काळजी तिथेच मिटली.

मापापुढचा आकडाही वाचा. ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो पेलतो, ९४ म्हणजे ६७० किलो. कंपनीने तुमच्या गाडीला ९४ सांगितला असेल तर ९१ घेऊ नका, कितीही सवलत मिळो. वेगाच्या अक्षराला थोडी मोकळीक असते: टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०. हिवाळी टायरला खालचं अक्षर बऱ्याच देशांत चालतं, पण त्या वेगाची चिठ्ठी चालकाला दिसेल अशी लावावी लागते. तुमच्याकडचा नियम बघून घ्या. आणि भिंतीवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेली खूण शोधा. नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) हे कंपनीचं स्वतःचंच म्हणणं असतं, त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही.

दोनच टायर? अजिबात नाही. पुढची चाकं घट्ट धरतील, मागची सुटतील, आणि वळणावर ब्रेक दाबला की गाडीची शेपूट पुढे यायला बघेल. चारही घ्या. बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून नट एकदा पुन्हा आवळून घ्या.