केएम एक्रानोप्लानच्या नाकाशी आठ जेट इंजिनं कशाला होती? असं यान आपल्या हिडकल धरणात चालेल का?

केएम हे सोव्हिएत एक्रानोप्लान, म्हणजे पाण्याच्या अगदी लगत उडणारं यान. ती आठ इंजिनं मुख्यतः पाण्यातून सुटण्यासाठी होती. पाणी हवेच्या जवळपास ८०० पट दाट. साडेपाचशे टनांच्या आसपासचं धूड त्यातून वेग घ्यायला गेलं की पाणी त्याला सोडतच नाही. त्याचे अभियंते रोस्तिस्लाव अलेक्सेयेव यांनी १९६६ साली उडालेल्या केएमवर काढलेला तोडगा मला आजही अफलातून वाटतो. पुढच्या आठ इंजिनांचा झोत खाली वळवून थेट पंखाखाली सोडायचा. पंखाच्या मागच्या कडेला फ्लॅप (हलत्या पट्ट्या) खाली झुकवलेले, टोकांना उभ्या पाट्या. झोताला पटकन निसटायला वाट नसते, तो तिथेच अडतो, दाब चढतो आणि यान कमी वेगातच उचललं जातं. एकदा सुटलं की शेपटीवरची दोन इंजिनं पुरतात.

दोनच कशी पुरतात? एरवी पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकावरून वळसा घालून वर पळते, तिथे भोवरे होतात आणि इंजिनाची ताकद त्यात वाया जाते. पृष्ठभाग अगदी जवळ असला की या भोवऱ्यांना मोकळं फिरता येत नाही. हिडकलच्या काठावर सकाळी थांबा, पाणकावळे पाण्याला पोट लागेल इतक्या खालून जाताना दिसतील. त्यांनाही हाच फायदा मिळतो.

मी हुक्केरीकडचा, हे पाणी लहानपणापासून बघतोय. पावसाळ्यानंतर ते कितीही अफाट दिसलं तरी केएमला पुरणार नाही, कारण अडचण वळण्याची आहे. ताशी ४०० किमी वेगात १० अंश कललं तर वळणाची त्रिज्या सुमारे ७ किमी येते. जास्त कलावं, तर पंखविस्तार ३७.६ मीटर, १० अंशांतच एक टोक सव्वातीन मीटर खाली येतं, आणि यान पाण्यापासून मोजक्याच मीटरांवर असतं. उंची घेऊन वळलं तर तो फायदा जातो. शिवाय उंची बदलली की पंखावरच्या उचल देणाऱ्या बलाचा केंद्रबिंदू सरकतो आणि नाक उसळू शकतं. शेपटी एवढी मोठी आणि उंचावर ठेवली ती त्यासाठीच.

दोन माणसांचं छोटं यान मात्र ताशी १२० किमीला, तेवढ्याच कलाने, साधारण साडेसहाशे मीटर त्रिज्येत वळेल. त्याला जेटही नको, पंखापुढच्या प्रॉपेलरचा वारा खाली वळवला तरी भागतं. पण तो वेग म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, तेव्हा मच्छीमारांच्या होड्या आणि जाळी कुठे असतात ते आधी त्यांनाच विचारून मार्ग आखा.