काष्ठचित्र तर नव्हेच, ‘छाप’ही नव्हे

विचारणा अशी: जपानी चित्रकार हिरोशिगेने केलेल्या सारुवाका-चो या नाटकगल्लीच्या दृश्याला मराठीत ‘काष्ठचित्र’ म्हणावं की ‘छापचित्र’?

‘काष्ठचित्र’ आधी बाद करा. हा शब्द ऐकून ऐकून कान किटले आहेत. काष्ठचित्र म्हणजे लाकडावर काढलेलं चित्र. १८५६ सालचं हे दृश्य कागदावर आहे: एदोतली, म्हणजे आजच्या तोक्योतली, काबुकी नाटकघरांची रांग, वर पूर्ण चंद्र आणि रस्त्यातून चाललेल्या माणसांच्या जमिनीवर पडलेल्या सावल्या. जपानी शब्द ‘मोकुहांगा’. ‘मोकु’ म्हणजे लाकूड, ‘हान’ म्हणजे छपाईची फळी, ‘गा’ म्हणजे चित्र. आपण त्यातला ‘हान’ गाळतो, आणि सगळी कला त्या ‘हान’मध्येच आहे.

आता ‘छाप’ की ‘ठसा’. कोशांत दोन्हींचे अर्थ जवळजवळ सारखे दिलेले असतात. ते मला मुळीच मान्य नाही. क्रियापदं बघा: छाप पडते, ठसा उमटतो. ‘ठसा पडला’ असं कुणी म्हटलं तर कानाला खटकतं. पडायला वरून खाली यावं लागतं. कापड छापणारा कोरलेला ठोकळा रंगात बुडवून वरून कापडावर दाबतो, तिथे छाप पडते. हाच शब्द आपल्याकडून मलाय भाषेत ‘चाप’ होऊन गेला. जावात बाटिकसाठी तांब्याचा जो शिक्का वितळलेल्या मेणात बुडवून कापडावर दाबतात, त्याचं नाव आजही ‘चाप’. तोही वरूनच पडतो! इंग्रजांनी त्याचा ‘चॉप’ केला, म्हणजे शिक्का, आणि पहिल्या प्रतीच्या मालाला ते ‘फर्स्ट चॉप’ म्हणू लागले.

जपानी पद्धतीत सगळं उलटं. चेरीच्या लाकडाची फळी कोरलेली बाजू वर करून खाली ठेवतात. तिच्यावर पाण्यातला रंग आणि थोडी तांदळाची खळ ब्रशने पसरतात. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, सरस-तुरटी दिलेला ओलसर कागद तिच्यावर पालथा घालतात आणि पाठीवरून ‘बारेन’ने घासतात. बारेन म्हणजे बांबूच्या सालपटात गुंडाळलेली, वेटोळं केलेल्या दोरीची चकती. रंग खालून वर कागदात शिरतो. दाबयंत्र नाही, वरून पडणारं काही नाही. म्हणजे इथे उमटतं, आणि उमटतो तो ठसा.

पाऊल वरूनच पडतं, तरी ठसा उमटतोच, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. तिथे पाऊल पडतं आणि ठसा उमटतो, मराठीने दोन कामं दोन शब्दांना वाटून दिली आहेत. ‘छाप’ मात्र स्वतःच पडते.

‘छापचित्र’वाल्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. चित्रकाराचं मूळ रेखाटन पातळ कागदावर असतं. तो कागद फळीवर पालथा चिकटवून त्यातूनच कोरतात, म्हणजे मूळ चित्र कोरताना नष्ट होतं. मागे राहतं ते उमटलेलंच. बाह्यरेषांची एक फळी, मग बहुधा प्रत्येक रंगाला वेगळी. सगळ्या फळ्यांवर एकाच जागी दोन खाचा, ‘केन्तो’: उजव्या कोपऱ्यात काटकोनी, तिच्या डावीकडे सरळ. कागद दर वेळी तिथेच टेकवायचा. कागद मध्येच वाळला की आक्रसतो, आणि रंग रेषेबाहेर सरकतो. अंदाज चुकला की जपानी माणूस ‘केन्तो-चिगाई’ म्हणतो, केन्तो चुकला. तो शब्दप्रयोग याच खाचांवरून आला असावा असं मला वाटतं, जपानी जाणकार काहीही म्हणोत. आकाशाच्या वरच्या कडेला विरत जाणारा गडद पट्टा, ‘बोकाशी’, तर कोरलेलाच नसतो. छपाई करणारा तो प्रत्येक प्रतीसाठी फळीवर रंग नव्याने पुसून आणतो, म्हणून दोन प्रतींची आकाशं तंतोतंत जुळत नाहीत. ‘छापील’ म्हणजे सगळ्या प्रती एकसारख्या, हा मराठी अर्थ इथे कसा लागू व्हावा?

तेव्हा ‘काष्ठठसा’ म्हणा. उच्चाराला अडखळत असेल तर ‘लाकडी ठशाचं चित्र’.