पहिल्यांदाच शिक्षण कायद्याच्या परिषदेला जाताय? मग एवढं बघा

अहो ताई, घाबरू नका, तिथे अर्धे लोक वकील असले तरी बाकीचे तुमच्यासारखेच ट्रस्टी नाहीतर मुख्याध्यापक असतात. इंदूरातली आपली शाळा अनुदानित आहे का विनाअनुदानित, हे आधी ऑफिसात मान्यतेचा कागद काढून बघा. नव्या माणसाची पहिली चूक हीच, सगळं ऐकतो आणि आपल्याला काय लागू ते त्याला माहीतच नसतं. आता बघा, 2009 च्या आरटीई (मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क) कायद्याचं कलम 21 म्हणतं व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक हवेत, निम्म्या बायका, पण विनाअनुदानित खासगी शाळेला ते लागूच नाही आणि अनुदानित असेल तर समिती फक्त सल्ल्यापुरती. आणि मराठी मंडळींनी काढलेली शाळा मध्य प्रदेशात भाषिक अल्पसंख्याक ठरू शकते, तसा दर्जा असेल तर 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या प्रमाती निकालानं गणितच बदलतं, अल्पसंख्याक शाळांना आरटीई लागू नाही असं तो म्हणतो (2025 मध्ये सुप्रीम कोर्टानेच त्यावर शंका घेतलीये, पण त्यात आत्ताच शिरू नका).

बाकी थोडक्यात:
- सगळी सत्रं गाठू नका, प्रवेश आणि फी एवढी दोनच धरा.
- आरटीईची कलमं 12 (राखीव जागांवर प्रवेश), 13 (देणगी आणि प्रवेशचाचणीवर बंदी), 17 (मुलांना मारहाणीवर बंदी) आधी वाचून जा, हिंदीत मिळतात.
- वक्ता दुसऱ्या राज्याचा असेल तर त्याचा फी कायदा इथे चालत नाही, आपल्या मध्य प्रदेशाचा 2017 चा वेगळा आहे.
- व्हिजिटिंग कार्डं गोळा करण्यापेक्षा चहाच्या वेळी एखाद्या जुन्या मुख्याध्यापकाला गाठा, पोह्यांच्या रांगेत जास्त कळतं हो.