चिखलाला कुजका वास येतो म्हणजे तो किनारा प्रदूषित असतो का? आणि समुद्राच्या खोल तळाची तब्येत कशी कळते?

वासावरून काहीच ठरवू नका. तो सडक्या अंड्यांसारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि धडधाकट चिखलालाही तो येतो. बारीक चिखलात प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरपलीकडे फारसा पोचत नाही. त्याखाली सल्फेटवर जगणारे जिवाणू हा वायू सोडतात, तो लोहाला भेटला की चिखल काळा पडतो.

मी ओहोटीला फावड्याने वीतभर खोल ढेकूळ काढतो आणि उभं फोडतो. काळ्या चिखलात गंजाच्या रंगाच्या रेघा खाली उतरलेल्या दिसल्या की जीव भांड्यात पडतो. ती किड्यांची बिळं. किडा बिळात पाणी खेळवतो, पाण्याबरोबर प्राणवायू खाली जातो आणि बिळाची भिंत खरोखरच गंजते. रेघा नाहीत आणि काळा थर थेट वरपर्यंत आलाय, तर काहीतरी बिनसलंय. बहुतेक वेळा सांडपाणी किंवा शेतातून वाहून आलेली खतं.

किडे भरपूर आहेत म्हणूनही खूश होऊ नका. कॅपिटेला नावाचा दोऱ्यासारखा लाल किडा घाणीतच माजतो. मुठीएवढ्या चिखलात तो वळवळत असेल आणि वर्षानुवर्षं जगणारा मोठा शिंपला एकही नसेल, तर ती गर्दी वाईट खूण आहे.

अर्थात, चिखल आजारी असायला आधी तो शिल्लक हवा. उपग्रहचित्रांवरून २०१९ साली झालेल्या अभ्यासात, पुरेशा नोंदी असलेल्या भागांतले भरती-ओहोटीचे असे सपाट पट्टे १९८४ ते २०१६ या काळात सुमारे १६ टक्क्यांनी घटलेले आढळले. दक्षिण कोरियातल्या सेमान्गम या चिखलाच्या किनाऱ्यावर ३३ किलोमीटरच्या बांधाने २००६ मध्ये समुद्र अडवला. ऑस्ट्रेलियातून सैबेरियाकडे जाणारे हजारो किनारपक्षी तिथे पोट भरायला उतरत.

खोल तळाचं दुखणं ओळखणं जास्त अवघड, कारण आधी तिथे काय होतं तेच आपण विसरलेलो असतो. उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात १८८३ च्या एका मासेमारी नकाशात कालवांचे (ऑयस्टर या शिंपल्यांचे) अवाढव्य पट्टे दाखवलेत. कालवं ओरबाडून नेली, तळावरून जाळी फरफटली. आज तिथे बहुतेक वाळू आणि गाळ. आजचा नमुना घेऊन तपासलात तर वाळूत राहणारे जीव सापडतील, आणि तळ ‘ठीक’ असल्याचा शेराही मिळेल.