छापून आलं म्हणून विश्वकोशात यावं का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मी ज्या शाळेत शिकलो तिच्या विकिपीडियावरच्या लेखात अलीकडे ‘वाद’ असा विभाग घातला. त्यात तीन घटना लिहिल्या. शाळेची बस भिंतीला घासून काच फुटली, कोणी जखमी झालं नाही. नववीतल्या एका मुलाने मुख्याध्यापकांच्या नावाने खोटं अकाउंट उघडलं, त्याला निलंबित केलं. आणि शुल्कवाढीविरुद्ध पालकांनी आंदोलन केलं, शेवटी शिक्षण खात्याच्या आदेशाने वाढ मागे घ्यावी लागली. तिन्ही बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या, संदर्भ नीट दिले होते. तरी एका सदस्याने अख्खा विभाग काढून टाकला. मी परत घातला, त्याने परत काढला. संदर्भ असलेला मजकूर असा काढता येतो का?

उत्तर : काढता येतो. संदर्भ नसेल तर मजकूर राहू शकत नाही, हे खरं. पण संदर्भ आहे म्हणून तो राहिलाच पाहिजे, असं मात्र नाही. इंग्रजी विकिपीडियाच्या धोरणात हे स्पष्ट लिहिलेलं आहे; शिवाय वादग्रस्त मजकूर ठेवायचा असेल तर त्यासाठी सहमती मिळवण्याची जबाबदारी तो घालणाऱ्यावर टाकलेली आहे. विकिपीडिया हे वर्तमानपत्र नव्हे, असंही एक धोरण आहे. उल्लेखनीयतेचे निकष इथे तुमच्या मदतीला येणार नाहीत आणि त्या सदस्याच्याही नाहीत, कारण ते लेख असावा की नसावा एवढंच ठरवतात. लेखात आत काय असावं हा प्रश्न प्रमाणाचा आहे.

मी बरीच वर्षं शाळांचे लेख तपासतो, आणि माझी कसोटी एकच आहे : तो आठवडा सरल्यावर त्या घटनेबद्दल कोणी काही लिहिलं का? चौकशीचा अहवाल, न्यायालयाचा निकाल, बदललेला नियम, शाळेच्या इतिहासावरचं पुस्तक, वर्षभराने त्याच विषयावर आलेला सविस्तर लेख, यांपैकी काहीही चालेल. पण त्याच दिवशीच्या पाच बातम्या असतील आणि पाचही एकाच वृत्तसंस्थेच्या मजकुरावरून उचललेल्या असतील, तर माझ्या हिशेबी तो एकच संदर्भ.

ही कसोटी लावताना घटना त्या दिवशी किती मोठी दिसली याला मी फारसं महत्त्व देत नाही. १९८५ साली केरळमधल्या एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकलं. राष्ट्रगीत सुरू असताना ती आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. एका शाळेतली तीन मुलं. वरवर पाहता तेवढ्यापुरती बातमी. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितलं, आणि राष्ट्रगीताचा वाद निघाला की आजही त्या निकालाचा दाखला दिला जातो. त्या शाळेच्या लेखात ही घटना हवीच. तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेला लागलेली आग तर कोणी लहान म्हणणारच नाही. १६ जुलै २००४ला ९४ मुलं गेली, आणि २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शाळांच्या अग्निसुरक्षेबाबत निर्देश दिले. तिथे शाळेचा लेख त्या आगीशिवाय लिहिताच येणार नाही.

आता तुमच्या तीन घटना. बसची काच फुटल्याचा उल्लेख लेखातून निघेल. मुलं सुखरूप राहिली ही आनंदाची गोष्ट, पण त्यातून शाळेबद्दल वाचकाला काहीच कळत नाही.

नववीतल्या मुलाचं प्रकरण मी सर्वांत आधी काढलं असतं, आणि याबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं. तुम्ही त्याचं नाव लिहिलेलं नाही, हे चांगलंच केलंत. पण वर्ष, इयत्ता आणि घटना दिली की त्या वर्गातल्या प्रत्येकाला तो कोण ते कळतं. वर्तमानपत्राचा अंक दुसऱ्या दिवशी मागे पडतो. विश्वकोशातलं वाक्य मात्र शाळेचं नाव शोधलं की पहिल्या काही निकालांत समोर येतं, दुसरी संकेतस्थळं ते उचलतात आणि मूळ पानावरून काढलं तरी त्यांच्याकडे राहतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने केलेली आगळीक, शिक्षा होऊन संपलेली, तो नोकरीला लागेपर्यंत त्याच्या मागे का राहावी? हयात व्यक्तींबद्दल विकिपीडियाची धोरणं कडक आहेत ती यासाठीच. एखाद्या शिक्षकावर नुसता आरोप झाला असेल आणि दोष सिद्ध झाला नसेल, तरी मी तेवढाच हात आखडता घेतो.

शुल्कवाढीचं आंदोलन मात्र राहावं. तिथे खात्याचा आदेश निघाला आणि शाळेला निर्णय फिरवावा लागला. पण तुम्ही त्यावर आठ वाक्यं लिहिली आहेत : कोण फाटकावर बसलं, कोणी घोषणा दिल्या, पोलीस किती वाजता आले. शाळेच्या स्थापनेवर त्याच लेखात दोनच वाक्यं आहेत! मी एवढंच ठेवलं असतं : ‘अमुक वर्षी शाळेने केलेल्या शुल्कवाढीला पालकांनी विरोध केला, शिक्षण खात्याच्या आदेशानंतर शाळेने वाढ मागे घेतली.’ वर्तमानपत्राबरोबर त्या आदेशाचाही संदर्भ जोडा. हे वाक्य ‘इतिहास’ विभागात जाऊ दे. ‘वाद’ हा मथळा ठेवू नका. तो दिसला की त्याखाली भर घालायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि वर्षभरात शाळेपेक्षा भांडणंच जास्त दिसू लागतात.

आणि कृपा करून मजकूर पुन्हा पुन्हा घालू नका. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं संपादन उलटवलं तर सदस्याला रोखलं जाऊ शकतं. लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर जा, वरचं वाक्य तिथे मांडा, संदर्भ द्या आणि चार दिवस थांबा. सगळा विभाग उडवणाऱ्या त्या सदस्याचंही अर्धं चुकलंच आहे. त्याने शुल्काचा भाग निवडून ठेवायला हवा होता, हे त्याला मोकळेपणी सांगा.

प्रश्न : आमच्या शाळेच्या लेखातून शाळेचेच कर्मचारी टीकेचा मजकूर काढतात आणि आंतरशालेय बक्षिसांची यादी घालतात. हे चालतं का?

उत्तर : त्यांचा हितसंबंध गुंतलेला आहे, म्हणून त्यांनी स्वतः संपादन न करता चर्चा पानावर विनंती करणं योग्य. पण त्यांनी काढलं एवढ्यावरून तो मजकूर ठेवण्याजोगा ठरत नाही. तो त्याच्या गुणांवर तपासा. बक्षिसांनाही तीच कसोटी लावा. वक्तृत्व स्पर्धेतला दुसरा क्रमांक, वृक्षारोपण, पाहुण्यांच्या हस्ते झालेलं उद्घाटन, यांवर आठवड्यानंतर कोणी लिहीत नाही. शाळेची नाचक्की करणारी किरकोळ बातमी काढायची आणि कौतुकाची तितकीच किरकोळ बातमी ठेवायची, असं करता येणार नाही. दोन्ही एकाच दिवशी, एकच कारण देऊन काढून टाका आणि संपादन सारांशात, म्हणजे बदल जतन करताना लिहायच्या टिपेत, ते कारण स्पष्ट नोंदवा, म्हणजे लेखातल्या बदलांचा इतिहास पाहणाऱ्याला तुम्ही कोणाची बाजू घेतलीत असं वाटणार नाही.